वीज की तेल? अभियांत्रिकीच्या दोन वाटांविषयी व्यापारी कुटुंबांकरिता चार शब्द

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद येथील आमच्या व्यापारी कुटुंबांत काही आठवडे एकच विषय चालू असतो. मुलगा किंवा मुलगी गणित व पदार्थविज्ञानात चांगले गुण मिळवून उत्तीर्ण झालेली असते. पेढी सांभाळावयास थोरला भाऊ असतो. धाकट्या अपत्याने अभियंता व्हावे हेही घरात ठरलेले असते. परंतु कोणत्या शाखेस घालावे, येथे गाडे अडते. संगणकाच्या शाखेकडे सर्वांचाच ओढा आहे आणि त्याविषयी सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. तिच्याविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही. ज्या दोन शाखांविषयी आम्हांस वारंवार पृच्छा होते त्या म्हणजे वीज आणि पेट्रोलियम. एकीत स्थैर्य आहे व दुसरीत पैसा आहे, असे एक ढोबळ मत बाजारात रूढ आहे. मुलाची चार वर्षे आणि घराचे काही लाख रुपये ज्या मतावर लावावयाचे, ते मत निदान एकदा तराजूत घालून पाहिले पाहिजे.

प्रथम पेट्रोलियम शाखेविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. पेट्रोलपंप चालविणारे आमचे बंधू समजतात की पेट्रोलियम अभियंता म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणारा. वास्तविक शुद्धीकरणाचे काम मुख्यत्वे रसायन अभियंत्याचे आहे. मंगळुरूच्या किंवा मुंबईतील माहुलच्या कारखान्यात कच्चे तेल येऊन पोहोचते, तोवर पेट्रोलियम अभियंत्याचे काम बहुतांशी संपलेले असते. त्याचे क्षेत्र जमिनीच्या पोटात आहे. तेल हे भूगर्भात तळ्यासारखे साठलेले नसते. ते वाळूच्या वा चुनखडीच्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. तेथवर हजारो फूट खोल विहीर नेणे, वरून सोडलेल्या जड चिखलाच्या भाराने खालचा दाब आवरून धरणे, विहिरीतून किती तेल किती वर्षे निघेल याचा हिशेब मांडणे, आणि दाब कमी झाला म्हणजे पाणी किंवा वायू आत सोडून उरलेले तेल रेटून बाहेर काढणे, ही या शाखेची विद्या होय. ती फार अवघड व अत्यंत रमणीय विद्या आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाई जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले, त्या पराक्रमामागे हीच विद्या होती.

विजेच्या शाखेचा विषय आमच्या वाचकांस अधिक परिचयाचा आहे. कारण दर महिन्याचे बिल त्यांच्या हाती येते. तरी तिचे मर्म बिलावरून कळत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर वीज हा असा माल आहे की जो मोठ्या प्रमाणात कोठारात ठेवता येत नाही. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी पुरवठा; कमी नाही आणि अधिकही नाही. हा तोल ढळला की जाळ्याची कंपनसंख्या, जी आपल्या देशात सेकंदास ५० असावी लागते, ती ढळते आणि मग एकामागून एक केंद्रे आपणहून सुटत जातात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी असेच झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी वस्तीच्या प्रदेशाची वीज गेली. दक्षिणेस त्याची झळ लागली नाही, कारण दक्षिणेचे जाळे त्या काळी उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका तालात जोडलेले नव्हते. ती जोडणी पुढे आमच्याच भागातून झाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि सारा देश एका जाळ्यात आला. वीज निर्माण करणे, ती दूर नेणे, रोहित्रांतून उतरवून वाटणे आणि बिघाड झाल्यास तेवढाच भाग क्षणार्धात अलग करणे, हे सर्व या शाखेत येते.

येथे परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांस एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. कॅनडात ‘पॉवर इंजिनिअरिंग’ या नावाचे पदविका अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ‘पेट्रोलियम इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या नावाचेही असतात. मध्यस्थ ही पत्रके आणून दाखवितात आणि पालक समजतात की पहिला अभ्यासक्रम विजेचा आहे. तो विजेचा नव्हे. त्या देशात पॉवर इंजिनिअर म्हणजे बॉयलर, वाफ व त्यावरील यंत्रे चालविणारा परवानाधारक. त्यास खालच्या वर्गाच्या परीक्षेपासून पहिल्या वर्गापर्यंत अनुभव घेत घेत चढावे लागते. काम सन्मानाचे आहे व त्यास मागणीही असते. परंतु रोहित्रे व वाहिन्या शिकावयाच्या म्हणून गेलेला मुलगा तेथे वाफेच्या नळ्यांपाशी उभा राहिला, तर दोष नाव न तपासणाऱ्या घराचाच.

आता पैशाकडे वळू. पेट्रोलियमच्या पदवीधरास तेजीच्या दिवसांत मिळणारे वेतन इतर शाखांच्या मानाने डोळे दिपविणारे असते, ही गोष्ट खोटी नाही. परंतु तेजी या शब्दाबरोबर मंदी हा शब्द येतो, हे तुरीच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. कलबुरगी हे तुरीचे आगर. २०१५ सालच्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात किलोस २०० रुपयांच्या घरात गेली होती. तो भाव पाहून पुढील हंगामात सर्वांनीच तूर पेरली; पीकही भरघोस आले; आणि २०१७ च्या आरंभी क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असताना अडतीत तूर त्याच्या खाली विकली गेली. ज्याने भाव पाहून पेरले त्याचा माल भाव उतरल्यावर बाजारात आला.

पेट्रोलियम शाखेत नेमके हेच घडते. फरक इतकाच की तुरीस सहा महिने लागतात आणि अभियंत्यास चार वर्षे. २०१४ च्या जूनमध्ये कच्च्या तेलाचे पिंप ११० डॉलरांच्या वर होते. त्या सुमारास जगभर या शाखेचे वर्ग तुडुंब भरले. जानेवारी २०१६ मध्ये तेच पिंप ३० डॉलरांखाली आले, आणि ज्यांनी तेजी पाहून प्रवेश घेतला होता ते पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा कंपन्या जुन्याच माणसांस घरी पाठवीत होत्या. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. माल उचलून न्या म्हणून विकणाराच पैसे देऊ लागला! वायदेबाजार जाणणाऱ्या आमच्या वाचकांस याचे आश्चर्य इतरांहून कमी वाटले असेल. २०२१ साली कॅलगरी विद्यापीठाने, म्हणजे कॅनडातील तेलकंपन्यांच्याच शहरातील विद्यापीठाने, तेल व वायू अभियांत्रिकीच्या पदवीचे नवे प्रवेश स्थगित केले. त्यानंतर भाव पुन्हा चढले, आणि पुन्हा उतरतीलही. म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे वेतन पाहून ही शाखा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंदीत प्रवेश घेतलेला मुलगा कित्येकदा तेजीत बाहेर पडतो. पण तेवढा धीर किती घरांत असतो?

वेतनाहून महत्त्वाची अशी दुसरी एक बाब आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. भांडवल कशात गुंतवावे हे ठरविताना आपण केवळ नफा पाहत नाही. अडचणीच्या वेळी ते मोकळे करता येईल काय, हेही पाहतो. विद्येचेही तसेच आहे. तेल व नैसर्गिक वायू महामंडळ, ज्याची स्थापना १९५६ साली आयोगाच्या रूपाने झाली, ते खोदाई व उत्पादन विभागांतील अभियंत्यांच्या जागांकरिता पेट्रोलियमबरोबर यांत्रिकी शाखेचेही पदवीधर घेत आले आहे. उत्पादन विभागात रसायन शाखेचेही. आणि विद्युत शाखेकरिता तेथे स्वतंत्र पदे असतात. उलट बाजूने पाहा. वीजकंपन्यांच्या भरतीत विद्युत, यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, उपकरणशास्त्र या शाखांस मागणी असते; पेट्रोलियमच्या पदवीधरास तेथे सहसा स्थान नसते. म्हणजे विजेच्या वाटेवरून तेलाच्या अंगणात जाता येते. तेलाच्या वाटेवरून विजेच्या अंगणात येणे फार कठीण. ज्याचे मन अद्याप स्थिर झालेले नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाकरिता आमच्या मते हा मुद्दा सर्वांत वजनदार होय.

पुन्हा आपण व्यापारी लोक. मुलाने आयुष्यभर दुसऱ्याची चाकरीच करावी असे आपणांस क्वचितच वाटते. सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजे, मोटारी व विमाने यांचे कारखाने उभे केले आणि त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज सांगलीस आहे. उद्योगाची ही ओढ आपल्याकडे नवी नाही. तेलाची विहीर मात्र स्वतःच्या भांडवलावर कोणास खणता येत नाही. तेथे सरकार किंवा प्रचंड कंपन्या यांचेच राज्य. शिवाय आपल्या भागात तिचा प्रश्नच उद्भवत नाही. बीदरची तांबडी भूमी जांभ्या दगडाची असून तिच्याखाली काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. शहाबादी फरशी जेथून निघते ते भीमेचे खोरे देशातील २६ गाळखडकी खोऱ्यांच्या यादीत कलादगीसह नोंदलेले आहे खरे. परंतु तेथून तेलाचे व्यापारी उत्पादन होत नाही. पेट्रोलियम शिकलेला मुलगा मुंबईजवळच्या समुद्रात, आसामात, राजस्थानातील बाडमेरला, गोदावरी-कृष्णेच्या मुखापाशी किंवा आखाती देशांत राहणार, हे धरूनच चालावे.

विजेच्या माणसास घराजवळ काम आहे. रायचूरजवळील शक्तिनगरचे औष्णिक केंद्र १९८५ पासून चालू आहे. येरमरस, कुडगी व सोलापूर येथील मोठी केंद्रे अलीकडची. वाडी, सेडम, मळखेड येथील सिमेंट कारखान्यांची स्वतःची वीजनिर्मिती आहे. कलबुरगीत मुख्यालय असलेली जेस्कॉम ही वितरण कंपनी आहे. स्वतंत्र धंदाही करता येतो: विद्युत ठेकेदाराचा परवाना, रोहित्रदुरुस्ती, छतावरील सौर संच. कोणत्याही डाळमिलचे उच्चदाबाचे बिल उघडून पाहावे. त्यात वापरलेल्या युनिटांखेरीज कमाल मागणीचा आकार असतो, आणि पॉवर फॅक्टर खाली गेला असल्यास त्याचा दंडही असतो. योग्य मापाचे कपॅसिटर बसविले आणि सर्व मोटारी एकाच वेळी चालू करण्याची सवय मोडली, तर हा दंड व आकार उतरतो. हे काम जाणणारी मुलगी घरात असेल तर पहिले गिऱ्हाईक वडीलच! ऊर्जाबचतीच्या २००१ सालच्या कायद्याखाली ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा घेतली जाते. हिशेबाची आवड असलेल्या आमच्या मुलांस ती विशेष मानवेल असे वाटते.

याचा अर्थ वीज म्हणजे निर्धास्त गादी, असा कोणी घेऊ नये. आमच्या विकाराबाद–परळी रेल्वेमार्गाच्या टोकास असलेले परळीचे औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. वाफ करावयास पाणी नव्हते. त्याहून मोठा बदल आता चालू आहे. १९४७ साली देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे १,३६२ मेगावॅट होती. मार्च २०२५ अखेर ती ४,७५,००० मेगावॅटच्या आसपास गेली, आणि त्याच वर्षाच्या मध्यास कोळसा-वायूखेरीजच्या साधनांचा वाटा क्षमतेत निम्म्यावर आला. सूर्याच्या विजेस बॉयलर लागत नाही. म्हणून विजेच्या शाखेतही केवळ औष्णिक केंद्राची विद्या शिकून थांबणाऱ्यापेक्षा जाळे सांभाळण्याची, संरक्षण व साठवणुकीची विद्या शिकणाऱ्यास पुढील दिवस चांगले आहेत. दुपारी सूर्य ओततो, संध्याकाळी तो मावळतो आणि त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. या दोन तासांचा मेळ घालणारा माणूस सर्वांस हवा आहे.

जिवाच्या जोखमीविषयी आयाबहिणी विचारतात, आणि ते योग्यच आहे. समुद्रातील मंचावर चौदा दिवस काम व चौदा दिवस सुटी अशा पाळ्या असतात. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ येथील मंचास आग लागून २२ जणांचे प्राण गेले. पण जमिनीवरही धोका आहे: १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहार केंद्रात बॉयलरच्या भट्टीत स्फोट होऊन ४० हून अधिक माणसे दगावली. दोहोंत सुरक्षित कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. घरापासून दूर राहण्याची तयारी मात्र तेलाच्या वाटेवर निश्चितच अधिक लागते.

मग पेट्रोलियमकडे कोणीच जाऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो; घरचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३८० लाख टन होते, ते २०२३-२४ मध्ये २९४ लाख टनांपर्यंत उतरले. जुन्या विहिरींतून अधिक तेल काढण्याचे कौशल्य देशास हवेच आहे. मंगळुरू, पादूर व विशाखापट्टण येथे खडकाच्या पोटातील गुहांत तेलाचे राखीव साठे ठेवले आहेत. भूगर्भातील उष्णता वर आणणे, कारखान्यांचा कर्बवायू खोल खडकात कोंडणे, या नव्या कामांसही विहीर खोदणाराच लागतो. ज्या मुलास भूगोलाच्या पुस्तकातील खडकांचे प्रकरण धड्यापुरते न वाटता त्यापुढे वाचावेसे वाटते, जो एकटा राहू शकतो, आणि ज्याच्या घरास दोन-तीन वर्षे मिळकतीवाचून निभावता येईल, त्याने ही शाखा अवश्य घ्यावी. त्याने धनबादची संस्था, जेथे १९५७ पासून हा विषय शिकविला जातो, अमेठी जिल्ह्यातील जायसची राजीव गांधी संस्था किंवा गांधीनगरचे ऊर्जा विद्यापीठ यांचा विचार करावा. पुण्याच्या एमआयटीतही ही शाखा दीर्घकाळ आहे. परंतु ते आता खासगी विद्यापीठ असल्याने शुल्क आधी विचारून घ्यावे. ज्याचे मन निम्मेच तेलाकडे आहे त्याने यांत्रिकी किंवा रसायन शाखेची पदवी घ्यावी आणि ‘गेट’ परीक्षेनंतर पेट्रोलियममध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यावे.

विजेकरिता इतके दूर जावे लागत नाही. कलबुरगीचे पूज्य दोड्डप्पा अप्पा महाविद्यालय १९५८ पासूनचे. बीदरचे गुरू नानक देव महाविद्यालय १९८० चे. भालकीसही महाविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणी विद्युत शाखा शिकविली जाते. २०१२ सालच्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१-जे अन्वये कल्याण कर्नाटकातील संस्थांत स्थानिकांकरिता ७० टक्के व राज्याच्या इतर भागांत ८ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांतही स्थानिकांस मोठा वाटा आहे. जेस्कॉमसारख्या कंपनीत जावयाचे तर कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलांनी ती तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी, नोकरीची जाहिरात निघाल्यावर नव्हे. दुसरे दारही आहे. ज्यांची मातृभाषा मराठी आहे व ज्यांचे दहावी-बारावीचे शिक्षण सीमावादातील गावांत झाले आहे, त्यांस महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र गट आहे. वादातील ८६५ गावांत बीदर जिल्ह्यातीलही गावे येतात. दोन्ही राज्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या, अर्ज वेगळे व कागदही वेगळे. ३७१-जे चे पात्रता प्रमाणपत्र उपविभागाच्या सहायक आयुक्तांकडून मिळते, आणि निकालानंतर त्या कचेरीत फार गर्दी होते. तेव्हा बारावीच्या दिवाळीच्या सुटीतच वडिलांच्या वास्तव्याचे व मुलाच्या शाळेचे दाखले जमवून अर्ज देऊन ठेवावा.